आईच्या दुधातली संप्रेरकं आणि बाळाचा पुढचा चयापचय : पुरावा कुठवर पोचतो?

दगडफूल (मूळ धागा)

अंगावरच्या दुधात लेप्टिन, इन्सुलिन, ॲडिपोनेक्टिन, घ्रेलिन, आयजीएफ-१ (वाढीचा इन्सुलिनसारखा घटक), कॉर्टिसॉल ही संप्रेरकं (हार्मोन्स) असतात, याबद्दल आता शंका उरलेली नाही. वाद आहे तो पुढच्या पायरीवर. पाजण्याच्या महिन्यांत मिळालेली ही संप्रेरकं मुलाच्या तिशीतल्या वजनावर आणि साखरेवर परिणाम करतात का? सध्या दोन टोकाची विधानं फिरत असतात. 'आईचं दूध प्यायलेलं मूल लठ्ठ होतच नाही' हे एक, आणि 'आई लठ्ठ किंवा मधुमेही असेल तर तिचं दूध बाळाला बाधतं' हे दुसरं. दोन्ही चूक आहेत. दुसरं तर घातक आहे, कारण ते ऐकून पाजणं थांबवलं जातं. म्हणून हा धागा उघडला.

सुरुवात उंदरांपासून करावी लागते, कारण ही कल्पना तिथूनच आली. लेप्टिन १९९४ साली सापडलं. चरबीच्या पेशी ते तयार करतात आणि 'साठा पुरेसा आहे' हा निरोप मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला देतात. प्रौढ प्राण्यात त्यामुळे भूक आवरते. नवजात पिल्लात त्याचं काम निराळं आहे. जन्मानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत पिल्लाच्या रक्तात लेप्टिनची लाट येते, पण त्याची भूक कमी होत नाही. २००४ मध्ये बूरे आणि सिमर्ली यांनी दाखवलं की या काळात लेप्टिन हायपोथॅलॅमसच्या आर्क्युएट केंद्रकातून निघणारे चेतातंतू वाढवतं. म्हणजे भुकेचं नियंत्रण करणाऱ्या केंद्राची जोडणी याच दिवसांत होते. जन्मतः लेप्टिन नसलेल्या उंदरांत ही जोडणी विरळ राहते. पहिल्या दिवसांत लेप्टिन टोचलं तर ती भरून येते. मोठेपणी टोचून उपयोग होत नाही.

मग स्पेनच्या मायोर्का बेटावरच्या विद्यापीठातल्या पिको आणि पालू यांच्या गटाने २००७ मध्ये दूधपित्या पिल्लांना तोंडावाटे लेप्टिन दिलं. आईच्या दुधातून रोज मिळतं त्याच्या साधारण पाचपट. ही पिल्लं मोठी झाल्यावर त्यांना चरबीयुक्त खाणं दिलं, तरी इतरांपेक्षा त्यांचं खाणं आणि वजन दोन्ही कमी राहिलं.

इन्सुलिनचा धडा उलट दिशेचा आहे. जर्मनीतल्या कोलोनमधल्या ब्रूनिंग यांच्या गटाने २०१४ मध्ये उंदीरमाद्यांना फक्त पाजण्याच्या काळात चरबीचा आहार दिला. पिल्लांच्या रक्तात इन्सुलिन वाढलं आणि त्याच केंद्रकातून निघणारी जोडणी बिघडली. काही पिल्लांच्या पोमसी चेतापेशींतून (त्याच केंद्रकातल्या, भूक आवरणाऱ्या पेशी) इन्सुलिनचा ग्राही, म्हणजे त्याचा निरोप घेणारा रेणू, काढून टाकलेला होता. त्यांच्यात या बिघाडाचा काही भाग टळला. म्हणजे संशयित नुसता सापडला नाही, त्याला बाजूला काढून खात्रीही केली गेली.

माणसात हे जसंच्या तसं का उतरत नाही, ते पुढच्या प्रतिसादात लिहितो.

सांजवारा

पण पोटात गेलेलं प्रथिन पचून जाणार ना? इन्सुलिन तोंडाने घेता येत नाही म्हणूनच तर ते टोचतात. दुधातलं कसं टिकतं?

दगडफूल

सांजवारा, प्रश्न नेमका आहे. तान्ह्या बाळाच्या जठरात दूध पोचल्यावर आम्लता सौम्य होते, पेप्सिनही कमी असतं, शिवाय दुधातच प्रथिनं पचवणाऱ्या विकरांना (एन्झाइम्सना) अडवणारे घटक असतात. त्यामुळे या संप्रेरकांचा काही भाग आतड्यापर्यंत शाबूत जातो. आतड्याच्या अस्तरावर इन्सुलिन आणि लेप्टिन दोन्हींचे ग्राही आहेत.

ते आतड्यातून रक्तात जातं का, इथे उंदीर आणि माणूस वेगळे होतात. उंदराच्या पिल्लाचं आतडं जवळजवळ तीन आठवडे मोठे रेणू आत सोडतं. माणसाच्या पूर्ण दिवसांच्या बाळात हा दरवाजा जन्माच्या सुमारासच बराचसा मिटत आलेला असतो. दुसरा फरक आणखी महत्त्वाचा आहे. हायपोथॅलॅमसच्या ज्या जोडणीबद्दल वर लिहिलं, ती उंदरात जन्मानंतर होते, पण माणसात तिचा मोठा भाग गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत होतो. म्हणून उंदराच्या पाजण्याच्या दिवसांची तुलना माणसाच्या गर्भारपणाच्या सातव्या ते नवव्या महिन्याशी करावी लागते. 'दुधातल्या लेप्टिनने मेंदू घडतो' असं लिहिणारे हा फरक सोडून देतात.

एक हिशोबही करून पाहा. मलई काढलेल्या दुधात लेप्टिन मिलिलीटरला ०.२ ते ०.५ नॅनोग्रॅमच्या आसपास असतं. बाळ दिवसाला ७५० मिली पितं असं धरलं तर दिवसभरात दीडशे ते पावणेचारशे नॅनोग्रॅम. सहा किलोच्या बाळाच्या अंगात प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) साधारण अडीचशे मिली. त्यात लेप्टिन मिलिलीटरला २ ते ४ नॅनोग्रॅम धरलं, तर कोणत्याही क्षणी पाचशे ते हजार नॅनोग्रॅम फिरत असतं. ते अर्ध्या तासात निम्मं होतं आणि बाळाची स्वतःची चरबी ते लगेच भरून काढते. त्यामुळे दुधातलं सगळं लेप्टिन रक्तात गेलं असं मानलं तरी त्याचा वाटा लहान. त्याचा काही परिणाम असेल तर तो आतड्याच्या पातळीवरच, अस्तराची वाढ आणि तृप्तीची जाणीव यांतून, शोधायला हवा.

तळटीप

दगडफूल यांच्या आकड्यांना एक पुरवणी. दुधातलं संप्रेरक मोजणं अवघड काम आहे आणि निष्कर्ष उलटसुलट येण्याचं निम्मं कारण तिथे आहे.

लेप्टिनचे सुरुवातीचे आकडे पूर्ण दुधात मोजलेले होते. दुधातली चरबी तपासणीत अडथळा आणते आणि आकडा फुगतो. आता दूध सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचा चरबीचा थर काढतात आणि खालच्या भागात मोजतात. त्यामुळे जुन्या अभ्यासातले आणि नव्या अभ्यासातले आकडे शेजारी मांडून तुलना करू नये.

नमुना कधी आणि कसा घेतला हेही पाहावं लागतं. कॉर्टिसॉल पहाटे-सकाळी सर्वांत जास्त आणि रात्री सर्वांत कमी असतं. मेलाटोनिन (झोपेशी निगडित संप्रेरक) याच्या उलट, रात्री भरपूर आणि दिवसा जवळजवळ नाहीच. एका बाईचा नमुना सकाळी सातला आणि दुसरीचा दुपारी दोनला घेतला, तर दिसलेला फरक बाईचा की घड्याळाचा हे सांगता येत नाही. नीट पद्धत अशी : सकाळच्या ठरलेल्या वेळी, आधीच्या पाजण्यानंतर दोन तासांनी, एका बाजूचं दूध पंपाने पूर्ण काढायचं, हलक्या हाताने मिसळायचं, लहान कुप्यांत भरून लगेच बर्फावर आणि मग उणे ८० अंशांत. नुसतं सुरुवातीचं पातळ दूध घेतलं तर चरबीशी निगडित घटक चुकतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे तीव्रता मोजायची आणि बाळ किती प्यालं ते मोजायचंच नाही. दुधात लेप्टिन दुप्पट, पण बाळ निम्मं पीत असेल, तर मिळालेली मात्रा सारखीच. मात्रा काढायला चोवीस तास प्रत्येक पाजण्याआधी आणि नंतर बाळाचं वजन करतात, त्याच कपड्यांत, मध्ये लंगोट न बदलता, २ ग्रॅमपर्यंत अचूक काट्यावर. दुसरी पद्धत जड पाण्याची आहे. आईला साधारण ३० ग्रॅम ड्युटेरियमयुक्त (जड हायड्रोजनचं) पाणी पाजतात आणि चौदा दिवस आई-बाळाच्या लाळेचे नमुने घेतात. आईच्या अंगातून ड्युटेरियम कसं उतरतं आणि बाळात कसं चढतं, यावरून प्यायलेलं दूध काढता येतं. ही दुसरी पद्धत जास्त चांगली, कारण तिने पाजण्याच्या रोजच्या सवयीत ढवळाढवळ होत नाही.

निळाई

माणसातले निष्कर्ष कुणी थोडक्यात मांडेल का? 'लेप्टिन जास्त तर बाळ बारीक' हे वाक्य मार्गदर्शन करणाऱ्यांकडूनही ऐकू येतं.

तळटीप

निळाई, ते वाक्य अर्धवट आहे. दुधातलं लेप्टिन आईच्या चरबीच्या प्रमाणात वाढतं, हे जवळपास सगळीकडे दिसतं. लठ्ठ नसलेल्या आयांच्या एका स्पॅनिश अभ्यासात, २००६ साली, दुधात लेप्टिन जास्त असलेल्या बाळांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) दोन वर्षांपर्यंत कमी होता. पण लठ्ठ आईच्या दुधातही लेप्टिन जास्त असतं आणि तिच्या मुलाला लठ्ठपणाची जोखीम मुळात जास्त असते. त्यामुळे दोन्ही गट एकत्र केले की संबंध पुसट होतो.

ॲडिपोनेक्टिनची गोष्ट तर वेळेवर ठरते. ज्या बाळांना ते दुधातून जास्त मिळालं, त्यांचं लांबीच्या मानाने वजन पहिल्या सहा महिन्यांत कमी होतं. त्याच संशोधकांनी पुढे पाहिलं, तर दुसऱ्या वर्षात दिशा उलटली. सहा महिन्यांवर अभ्यास थांबवला असता तर 'ॲडिपोनेक्टिन लठ्ठपणा टाळतं' असा मथळा झाला असता.

आणखी एक मोठा प्रयोग लक्षात ठेवायला हवा. बेलारूसमध्ये १९९६-९७ मध्ये ३१ प्रसूतिगृहांतल्या १७,०४६ आई-बाळांच्या जोड्या घेतल्या. निम्म्या ठिकाणी पाजण्याला जोरदार प्रोत्साहन दिलं. तीन महिन्यांना फक्त अंगावर पाजण्याचं प्रमाण तिथे ४३ टक्के झालं, उरलेल्या ठिकाणी ६ टक्के. मुलं साडेअकरा वर्षांची झाली तेव्हा दोन्ही गटांच्या वजनात आणि चरबीत फरक नव्हता. पोटाच्या जंतुसंसर्गाच्या बाबतीत मात्र पहिल्या वर्षात फायदा स्पष्ट होता. यात सगळ्याच बाळांना सुरुवातीला अंगावर पाजलं होतं, म्हणजे तुलना 'जास्त विरुद्ध कमी' अशी आहे, 'पाजलं विरुद्ध पाजलंच नाही' अशी नाही. तरीही संप्रेरकांचा परिणाम मोठा असता, तर इतक्या जोड्यांत तो दिसायला हवा होता.

सांजवारा

मग मधुमेह असलेल्या आईच्या दुधाचं काय? तिच्या दुधात साखर आणि इन्सुलिन दोन्ही जास्त असतं म्हणे.

निळाई

सांजवारा, साखरेचा मुद्दा आधी निकाली काढू. १०० मिली दुधात लॅक्टोज साधारण ७ ग्रॅम असतं. मोकळं ग्लुकोज जेमतेम ०.०३ ग्रॅम. आईच्या रक्तातली साखर वाढली म्हणून ते ग्लुकोज दुप्पट झालं, तरी ०.०६ ग्रॅम. सात ग्रॅमांपुढे हा फरक नगण्य आहे. 'मधुमेही आईचं दूध गोड असतं' ही समजूत या हिशोबावर टिकत नाही.

इन्सुलिनबद्दल बर्लिनमध्ये २००२ साली ११२ बाळांचा अभ्यास झाला. पहिल्या आठवड्यात मधुमेही आईचं दूध जितकं जास्त, तितकं दोन वर्षांच्या वयात वजन जास्त, असं त्यात दिसलं. भीती तिथून पसरली. त्यातल्या बहुतेक आयांना टाइप १ मधुमेह होता आणि वजन फक्त दोन वर्षांपर्यंत पाहिलं होतं, हे सांगितलं जात नाही. १९९७ मध्ये ॲरिझोनातल्या पिमा समाजातल्या १० ते ३९ वयाच्या ७२० जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना किमान पहिले दोन महिने फक्त अंगावर पाजलं होतं, त्यांच्यात टाइप २ मधुमेह कमी होता. पिमांमध्ये मधुमेह इतका जास्त आहे की तिथलं हे निरीक्षण दुर्लक्ष करण्यासारखं नाही.

प्रत्यक्षात गर्भावस्थेतल्या मधुमेहात अडचण दुधाच्या दर्जाची कमी आणि दूध उशिरा उतरण्याची जास्त असते. दूध बनवण्याच्या पेशींना इन्सुलिनची साथ लागते. इन्सुलिनला प्रतिरोध असेल तर पान्हा ७२ तासांनंतरही नीट फुटत नाही. पीसीओएसमध्येही (बीजाशयाशी निगडित संप्रेरकांच्या बिघाडात) काहींना हेच होतं. मग बाळ रडतं, वजन उतरतं, पावडरचा डबा उघडला जातो, स्तन रिकामे होत नाहीत आणि दूध आणखी आटतं.

हे टाळायचं तर पहिल्या तासात पाजायला घ्या. चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजा. पाजल्यावर हाताने चीक काढून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने द्या. पहिल्या दिवशी एका वेळी २ ते १० मिली पुरतं, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. बाळाची साखर किमान पहिले १२ ते २४ तास पाजण्याआधी तपासली जाते. मधुमेही आईचं बाळ पोटात असताना जास्त इन्सुलिन बनवायला शिकलेलं असतं. नाळ तुटल्यावर साखरेचा पुरवठा थांबतो, पण ते इन्सुलिन चालूच राहतं, म्हणून साखर घसरते. आईच्या दुधाचा त्यात काही दोष नसतो.

ऑस्ट्रेलियात ६३५ मधुमेही गर्भवतींवर झालेल्या प्रयोगात ३६ व्या आठवड्यापासून दिवसातून दोनदा, दर वेळी दहा मिनिटांपर्यंत, हाताने चीक काढून गोठवणं सुरक्षित ठरलं. त्यात इतर गुंतागुंत नसलेल्या स्त्रियाच होत्या. वार खाली असेल, रक्तस्राव झाला असेल किंवा मुदतपूर्व कळांची भीती असेल तर हे करू नये. डॉक्टरांना विचारूनच सुरू करा आणि कळा येऊ लागल्या तर लगेच थांबवा.

औषधांबद्दलही विचारलं जातं. आईने टोचलेलं इन्सुलिन पाजण्याच्या आड येत नाही. मेटफॉर्मिन दुधात अगदी थोडं उतरतं. वजनाच्या हिशोबाने बाळाला आईच्या मात्रेच्या एक टक्क्याहूनही कमी मिळतं.

गोधडी

वाढीच्या तक्त्याबद्दल लिहितो, कारण संप्रेरकांवर चर्चा रंगते आणि खरा घोळ वजनकाट्यावर होतो.

अंगावर पिणारं बाळ पहिले दोन-तीन महिने झपाट्याने वाढतं, दिवसाला २५ ते ३० ग्रॅम. तीन ते सहा महिन्यांत वेग १५ ते २० ग्रॅमवर येतो. हे नैसर्गिक आहे. पण चौथ्या महिन्यात 'वजन मागच्यासारखं भरत नाही' म्हणून वरचं दूध सुरू होतं. २००६ चे डब्ल्यूएचओचे तक्ते अंगावर पिणाऱ्या बाळांवर बेतलेले आहेत आणि त्यांतल्या सहा देशांत भारतही आहे. तेच वापरा. बाळ एका रेषेच्या आसपास सरकत असेल, दिवसाला सहा किंवा जास्त लंगोट ओले होत असतील, तर दूध पुरतं आहे.

आता महाराष्ट्राशी थेट संबंध असलेली गोष्ट. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पुण्याच्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी जवळपास टिकून. वजन इतकं कमी असूनही नाळेच्या रक्तात लेप्टिन इंग्लिश बाळांइतकंच आणि इन्सुलिन जास्त निघालं. म्हणजे आपल्याकडची संप्रेरकांची कहाणी पहिला घोट पिण्याआधीच सुरू झालेली असते. दगडफूल यांनी शेवटच्या तिमाहीबद्दल लिहिलं, त्याला हा घरचा पुरावा आहे.

म्हणून 'बाळ बारीक राहिलेलं बरं' हा निष्कर्ष मात्र काढू नका. दिल्लीत जन्मापासून मोजमापं ठेवलेल्या १,४९२ जणांची २६ ते ३२ व्या वर्षी साखर तपासली. ज्यांची साखर बिघडली होती, ते दोन वर्षांचे असताना उलट बारीक होते, आणि नंतर बारा वर्षांपर्यंत त्यांचा बीएमआय इतरांपेक्षा झपाट्याने चढला होता. त्यामुळे पहिल्या दोन वर्षांत उंचीसह चांगली वाढ हवी. काळजी घ्यायची ती तिसऱ्या वर्षापासून, जेव्हा बिस्किटं, फरसाण आणि गोड दुधाचे पेले सुरू होतात.

अळीव

गोधडी, सहमत. वरच्या दुधाबद्दल एक भर घालते. त्यातही संप्रेरकं येतातच, फक्त बाळाची स्वतःची. आईच्या दुधात १०० मिलीला साधारण १ ग्रॅम प्रथिन असतं, गाईच्या दुधात ३ ग्रॅमहून जास्त, म्हशीच्या दुधात ४ च्या आसपास. जादा प्रथिनातली अमिनो आम्लं बाळाचं इन्सुलिन आणि आयजीएफ-१ वाढवतात, आणि त्यातून चरबी. युरोपातल्या पाच देशांत कमी आणि जास्त प्रथिनांच्या पावडरी वाटून मुलांची वाढ पाहिली, तर सहा वर्षांच्या वयात जास्त प्रथिनवाल्या गटात लठ्ठपणाची जोखीम दुपटीहून जास्त निघाली. दुधाचा संबंध पुढच्या वजनाशी जोडणारा माणसातला हा सर्वांत भक्कम प्रयोग आहे.

म्हणून वर्षाच्या आत गाई-म्हशीचं दूध मुख्य दूध म्हणून देऊ नये. पावडर द्यावीच लागली तर आधी मोजून पाणी आणि मग सपाट केलेला चमचा, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच. 'जरा दाट' केलं की प्रथिन आणि मीठ दोन्ही वाढतं. बाळाने तोंड फिरवलं की थांबा. बाटली संपवायला लावू नका.

बाळंतिणीच्या खाण्यातून दुधातलं संप्रेरक 'सुधारण्याचा' खटाटोप करू नये. त्या काळात पहिल्या सहा महिन्यांत दिवसाला ६०० कॅलरी आणि १७ ग्रॅम प्रथिन जास्त लागतं. डिंक-अळिवाचे लाडू चालतील, पण गर्भावस्थेत साखर वाढलेली असेल तर दिवसाला चार लाडू म्हणजे ती साखर परत ओढवून घेणं. त्यापेक्षा मूग, मटकी, अंडं, मासे, ताक यांनी प्रथिन भरून काढा. मांस-मासे न खाणाऱ्यांनी बी-१२ तपासावं. पुण्याच्याच अभ्यासात गर्भारपणी बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असलेल्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिन प्रतिरोध जास्त होता.

सांजवारा

शेवटचे दोन प्रश्न. आपलं दूध तपासून घेण्यात अर्थ आहे का? आणि दुग्धपेढीच्या दुधात ही संप्रेरकं राहतात का?

तळटीप

तपासण्यात अर्थ नाही. कोणत्याही संप्रेरकाची 'योग्य' मर्यादा ठरलेली नाही. एकाच बाईचा आकडा सकाळ-संध्याकाळ बदलतो आणि आकडा आला तरी त्यावर करण्यासारखा उपाय नाही. तेच पैसे प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोजच्या चाचणीवर खर्च करा. दोन तासांनंतरचा आकडा १४० ते १९९ असेल तर मधुमेहाची पूर्वावस्था, २०० किंवा जास्त म्हणजे मधुमेह. सगळं ठीक असलं तरी दरवर्षी तपासा. चाचणीच्या त्या दोन तासांत बाळाला पाजलं तर आकडा किंचित कमी येऊ शकतो, म्हणून लॅबला सांगा. पुढच्या गरोदरपणाआधी साखर ताब्यात असली, तर पुढच्या बाळाला शेवटच्या तिमाहीत त्याचा थेट उपयोग होतो.

निळाई

पेढीबद्दल : भारतातली पहिली दुग्धपेढी १९८९ मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. पेढीत दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवतात. त्यात लेप्टिन जवळपास संपतं, इन्सुलिन आणि ॲडिपोनेक्टिन बरंच घटतं. तरीही कमी दिवसांच्या बाळासाठी आईचं दूध नसेल तर हेच दूध पहिलं, कारण आतड्याच्या जीवघेण्या दाहापासून ते पावडरपेक्षा चांगलं वाचवतं. आईला थोडंही दूध येत असेल तर ते न तापवता आधी द्या आणि उरलेली गरज पेढीच्या दुधाने भागवा.

घरी काढून ठेवताना डब्यावर तारखेबरोबर वेळही लिहा. रात्री काढलेलं रात्री आणि सकाळचं सकाळी दिलं तर मेलाटोनिन आणि कॉर्टिसॉलची लय मोडत नाही. २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात बाहेर ठेवूच नका.